गच्चीसाठी एक अडाणी पाहिजे

वाचनालयाच्या गच्चीवर अक्कांनी बागकामाची फुकट शाळा काढली, तेव्हा उत्साहाच्या भरात एक नियम करून टाकला : जो शिकून पास होईल, त्याने पुढच्याला शिकवायचं. नियम इतका छान होता की पहिल्याच दिवशी टाळ्या पडल्या. पुढे काय होणार याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्यांनी केला नाही आणि अक्कांनीही केला नाही. अक्का आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना तर सबबही नव्हती.

लोक शिकले, पास झाले, शिकवू लागले. असं करता करता गच्चीवर अठरा शिक्षक झाले आणि विद्यार्थी संपले. आसपासचा शेवटचा अडाणी म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला. तोही मागच्या महिन्यात पास झाला आणि कुंडीतल्या पाण्याच्या निचऱ्याबद्दल इतकं बोलू लागला की गिऱ्हाइकं चष्मा न घेताच घरी जाऊ लागली.

शाळा मात्र बंद पडली नाही. दर रविवारी अठराही जण वेळेवर जमत आणि एकमेकांना शिकवत. दंतवैद्य शिंपीकाकांना तण मुळासकट कसं उपटायचं ते दाखवत. शिंपीकाका दंतवैद्यांना फांदी कुठे कापायची ते दाखवत. दोघंही एकमेकांचं एक अक्षर ऐकत नसत. कुठल्याही शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत याहून वेगळं काही चालत नाही, म्हणून अक्का निश्चिंत होत्या.

मग वाचनालयाला नव्या अध्यक्षबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात इमारत तळापासून वरपर्यंत पाहिली आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायला गच्चीवर शेड घालायचं मनात आणलं.

"अक्का, गच्ची तुम्हाला शिकवण्यासाठी दिलीय," त्या म्हणाल्या. "इथे शिकतंय कोण?"

"सगळेच," अक्का म्हणाल्या.

"सगळे शिकवताहेत. मी अर्धा तास उभी होते, तर मला तिघांनी शेणखत समजावलं. रविवारी परत येते. एक तरी विद्यार्थी दाखवा, नाहीतर सोमवारी शेडचे पत्रे येतील."

अक्का कठड्याला टेकल्या. वांग्यांना फुलं आली होती, दुधीचा वेल पाण्याच्या टाकीवर चढून पलीकडे डोकावत होता. या सगळ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे येणार, तेही जुने.

लगेच बैठक बसली.

"माझा मेहुणा आणू का?" चष्मेवाला म्हणाला. "त्याला काही म्हणजे काही येत नाही."

"तो चार वर्षांपूर्वी पास झालाय," शिंपीकाका म्हणाले. "मीच केला."

"मग माझ्या एखाद्या पेशंटला खुर्चीवरून थेट इथे आणतो. तोंडात कापूस असला की माणूस नाही म्हणत नाही," दंतवैद्य म्हणाले.

"अक्का," शिंपीकाका घसा साफ करत म्हणाले, "रागावणार नसाल तर बोलतो. तुमच्याच घरात एक आहेत."

सगळे अक्कांकडे बघू लागले. अक्कांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी अक्कांचा निवडुंग, बिचाऱ्याला तहान लागली असेल म्हणून, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालून मारला होता. तेव्हापासून त्यांना घरातल्या एकाही झाडाला हात लावायची परवानगी नव्हती आणि गच्चीवर तर पाय ठेवायचीही नव्हती.

अक्कांनी घरी जाऊन विषय काढला. यजमानांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं.

"म्हणजे मी शिकायचं?"

"शिकायचं नाही! फक्त विद्यार्थी म्हणून उभं राहायचं. काही येत नाही असा चेहरा करायचा."

"तो आहेच."

"म्हणूनच विचारतेय. अहो, नीट ऐका, रविवारपर्यंत तुम्हाला काही कळता कामा नये. माझी गच्ची जाईल."

"अगं, तीस वर्षं सांभाळलंय, आणखी एक आठवडा सांभाळतो," यजमान म्हणाले आणि पुन्हा भिंग लावलं. पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना कुणी कुठल्या शाळेत बोलावलं त्याला फार वर्षं झाली होती.

इथे अक्कांचा हिशोब पुन्हा चुकला. अठरा शिक्षक महिनाभर उपाशी होते, आणि एक ताजा, कोरा, काहीही न येणारा विद्यार्थी बाजारातल्या दुकानात एकटा बसलेला होता. सोमवारी दंतवैद्य उत्तम चालणारं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले आणि जाता जाता माती कशी कालवायची ते सांगून गेले. मंगळवारी शिंपीकाका सेल बदलायला आले. त्यांचं घड्याळ किल्लीचं होतं. चष्मेवाला तर घड्याळ न आणताच आला. प्रत्येकाने जाताना बजावलं, "अक्कांना सांगू नका हं." यजमानांनी सांगितलं नाही. त्यांना बायकोला चकित करायचं होतं.

ते त्यांनी रविवारी केलं.

अध्यक्षबाई आल्या. यजमान नवा सदरा घालून मधोमध उभे होते, अठरा शिक्षक भोवती. नवरदेवाभोवतीही इतकी माणसं नसतात.

"हे विद्यार्थी?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "बरं, सांगा, झाडाला पाणी कधी घालायचं?"

अक्कांनी डोळे मिटले. निवडुंग आठवला आणि धीर आला.

"बोट मातीत घालून बघायचं," यजमान म्हणाले. "दोन पेरं कोरडी लागली तरच. दया येते म्हणून घालायचं नाही."

अक्कांनी डोळे उघडले.

मग यजमान थांबेचनात. निचरा झाला, शेणखत झालं, छाटणी झाली. शेवटी त्यांनी खिशातून आपला घड्याळाचा चिमटा काढला, ट्रेमधलं टोमॅटोचं एवढंसं रोप पानाला धरून अलगद उचललं आणि नव्या कुंडीत असं बसवलं की शिंपीकाकांच्या तोंडून "व्वा!" निघून गेलं. निघून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हे तर पास आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमच्याच नियमाने शिक्षक झाले. म्हणजे आता एकोणीस शिक्षक आणि विद्यार्थी शून्य. सोमवारी पत्रे."

अक्का नवऱ्याकडे बघत होत्या. रागवावं की त्याच्या पाठीवर थाप द्यावी हे त्यांना ठरवता येईना, आणि हसूही यायला लागलं होतं, ते वेगळंच.

"अगं, पास झालो ना?" यजमानांनी हळूच विचारलं.

"झालात," अक्का म्हणाल्या. "पहिल्या नंबराने झालात. आता काय करू तुमचं?"

"मग नियमाप्रमाणे मला विद्यार्थी पाहिजे." यजमानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रेमधलं दुसरं रोप मोकळं करून पुढे केलं. "बाई, हे जरा धरता?"

अध्यक्षबाईंनी रिकाम्या हातात कुणी काही दिलं की माणूस घेतो तसं ते घेतलं, आणि घेतलं ते देठाला, मुठीत, छत्री धरावी तसं.

"मानेला नको!" एकोणीस जण एकदम ओरडले.

कबुतरं उडाली. खाली वाचणाऱ्यांनी पुस्तकातून माना वर केल्या. अध्यक्षबाईंना जन्मात कुणी असं ओरडलं नव्हतं.

"मग कुठे धरायचं?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न गच्चीवर कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. दंतवैद्यांचे डोळे पाणावले. एकोणीस जण एकदम सांगू लागले. कुणी कुंडी सरकवली, कुणी बाईंच्या बाह्या वर केल्या, चष्मेवाल्याने निचरा सुरूच केला. तासाभराने बाई कोपरापर्यंत मातीत होत्या आणि कुणालातरी विचारत होत्या की टोमॅटो येईपर्यंत रोज यावं लागेल का.

सोमवारी पत्रे आले नाहीत. बाई आल्या.

टोमॅटो लागले आणि शाळा पुन्हा कावरीबावरी झाली. बाईंना सगळं येऊ लागलं होतं. नियम म्हणजे नियम. अक्कांना परीक्षा घेणं भाग होतं. बाई पास झाल्या, की विद्यार्थी पुन्हा शून्य, आणि शून्याचं काय करायचं हे बाईंनीच ठरवून ठेवलेलं. एकोणीस जण कुंड्यांमधून उभे राहिले. यजमानांनी ट्रे पुढे केला.

"रोप उचलून दाखवा," अक्का म्हणाल्या.

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. टाकीवरच्या वेलाकडे पाहिलं. मग जिथे शेड व्हायची होती त्या कोपऱ्याकडे, तिथे आता त्यांचे टोमॅटो होते. आणि अगदी गंभीरपणे, दोन बोटांनी, फुंकर घालावी इतकं अलगद, त्यांनी रोप देठाला धरून उचललं.

"मानेला नको!" सगळी गच्ची आनंदाने ओरडली.

"अरे देवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "परत चुकलंच का? मग पुढच्या रविवारी किती वाजता?"