मुकादमाचे आजारपण

मित्रांनो, मोरीशेजारच्या खोलीत, कांदे-बटाट्यांच्या टोपलीला टेकून एक पांढरा टब पालथा पडलेला दिसतो ना, तो मी. माझ्या निळ्या काठाचे टवके उडाले आहेत आणि तिथे गंज चढला आहे. पण जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला, एनॅमलच्या पांढऱ्या लेपात बुडवले आणि भट्टीत असे भाजून काढले की माझे अंग काचेसारखे चकचकीत झाले.

तिथून मी एका दवाखान्यात आलो. रोग्याला तपासले की डॉक्टर माझ्यात हात धुवायचे. मला घासूनपुसून पाणी भरून ठेवायच्या त्या ताई, तिथल्या कंपाउंडर. औषध मोजताना ताईंचा हात कधी चुकला नाही. "ताई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो," असे डॉक्टर म्हणायचे, तेव्हा माझीच पाठ कुणी थोपटल्यासारखे मला वाटायचे.

पुढे डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागले आणि ताईंनी मला घरी आणले. घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. धाकटी एका कचेरीत टायपिस्ट होती. तिची साठी उलटली तरी ताई तिला 'बेबी'च म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. इथे मला काही काम उरले नाही. मी कोपऱ्यात पडलो तो पडलोच. दार उघडे असले की पुढची खोली दिसायची, तेवढाच विरंगुळा.

पुढच्या खोलीत काचेच्या टाकीत ताईंचा नारिंगी गोल्डफिश होता. सकाळपासून या टोकाकडून त्या टोकाला कामावर देखरेख केल्यासारखा फिरायचा, म्हणून त्याचे नाव मुकादम. ताईंचा भारी जीव त्याच्यावर.

एकदा मुकादम फिरेनासा झाला. पोट फुगले, शेपटीची कड झिजून चिरफाळली आणि तो एका कुशीवर कलून पाण्याच्या वर वर तरंगू लागला. बेबीने माशांच्या दुकानदाराला बोलावले. त्याने टाकीत वाकून पाहिले, पाण्याचा वास घेतला.

"खायला किती वेळा घालता?"

"एकदाच. सकाळी."

"एकदा घातल्याने पोट असं फुगत नाही, बाई. तळाशी बघा केवढं अन्न कुजलंय! घरात आणखी कोण घालतं?"

बेबीची नजर खाऊच्या डबीकडे गेली.

दुकानदाराने उपाय सांगितला. मासा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. भरून ठेवलेले, शिळे पाणी वापरायचे आणि ते रोज थोडे बदलायचे. चिमूटभर मीठ घालायचे. काही दिवस कडकडीत उपास, मग उकडून सोललेला मटाराचा दाणा.

तो गेल्यावर बेबी दाराआड उभी राहिली. ताईंनी मुकादमाला खाऊ घातला, डबी ठेवली आणि पेपर उघडला. थोड्याच वेळात त्या पुन्हा उठल्या. "अगंबाई, मुकादम उपाशीच राहिला की!" म्हणत त्यांनी पुन्हा डबी उघडली. मग तिसऱ्यांदाही. दूध दोनदा तापवणे, किल्ल्या हरवणे हे बेबीने वयावर ढकलले होते. आता तिला काही ढकलता येईना. ती माझ्याजवळ आली, मला उताणा केला आणि घासू लागली. घासता घासता रडतही होती.

मुकादम माझ्यात आला. किती वर्षांनी माझ्या पोटात पाणी हलले! पण आनंद कसला? बाहेरून ताईंची हाक यायची, "बेबी, मुकादम कुठाय गं?"

"आजारी आहे, ताई. वेगळा ठेवलाय."

"अरेरे! कधीपासून?"

तासाभराने तोच प्रश्न, तोच धक्का. एकदा बेबीचा तोल गेला. "किती वेळा सांगू तुला? डोकं खाल्लंस माझं!" ताई रिकाम्या टाकीसमोर खुर्ची ओढून, चूक न कळलेल्या मुलीसारख्या बसून राहिल्या. बेबीच्याने ते बघवेना. तिने ताईंचा हात धरून त्यांना माझ्याकडे आणले. "ताई, मीठ किती घालू? तूच सांग."

ताईंनी चमचा घेतला, वरचे मीठ बोटाने सपाट केले, त्यातलेही थोडे झटकले. "एवढंच. जास्त झालं तर सोसायचं नाही त्याला." हात अजिबात थरथरला नाही. मग दोघी बहिणी रोज माझ्याजवळ बसू लागल्या. मुकादमाचे पोट उतरले. तो सरळ पोहू लागला. मटाराचा दाणा त्याने गिळला, तेव्हा बेबीने टाळीच वाजवली.

एका दुपारी बेबी ताईंची औषधे आणायला गेली. खाऊची डबी तिने कपाटात लपवली होती. ताईंनी ती शोधली, सापडली नाही. "बिचारा उपाशी मरेल की," असे पुटपुटत त्यांनी पाव आणला आणि मायेने कुस्करून माझ्यात घातला. एक तुकडा, मग आणखी एक. पाव फुगला, पाणी गढूळ झाले. मी ओरडू शकत नव्हतो, मित्रांनो. नुसते धरून ठेवणे एवढेच मला येते.

बेबी परतली तेव्हा ताई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचा हात पाण्यात होता आणि तळव्यावर मुकादम निपचित पडला होता. त्यांनी वर पाहिले. मुकादम गेल्याचे त्या क्षणी त्यांना लख्ख कळत होते.

"बेबी, मीच घातलं का गं याला काही?"

बोटांना पाव चिकटलेला होता. बेबीने रुमालाने एकेक बोट पुसले.

"नाही गं, ताई. थकला होता तो. वय झालं होतं त्याचं."

मुकादमाला गॅलरीतल्या कुंडीत पुरले. बेबीने मला धुतले, पण पालथे घालायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आलीच. "बेबी, मुकादम कुठाय गं?"

बेबी अगदी हळू म्हणाली, "आजारी आहे, ताई. वेगळा ठेवलाय."

"अरेरे! मग आज त्याला काही खायला देऊ नकोस हं."

"नाही देत, ताई."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल. चिडू नका. विचारणाऱ्यासाठी तो प्रत्येक वेळी पहिलाच असतो. तुमचे उत्तरही पहिल्याइतकेच मायेचे असू द्या.