एस्पेरा म्हणजे वाट बघतो

"नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणे, तेही परक्या साहेबासमोर! आमच्या वेळी असलं काय नव्हतं गो बाय," सुंदराबाई लसूण सोलता सोलता पुटपुटल्या. सून बकुळा त्यांच्या गुडघ्याशीच बसली होती. तिला ऐकू यावं म्हणूनच तर ते पुटपुटणं होतं.

लालबागच्या त्या खोलीत उद्याची तयारी चालली होती. बकुळेचा नवरा बोटीच्या इंजिनखात्यात होता. काही वर्षांपूर्वी तो ब्वेनोस आयरेसला उतरला आणि तिथल्याच एका कारखान्यात राहिला. आता सुनेला त्याच्याकडे धाडायचं अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवलं होतं. उद्या वकिलातीतला साहेब तिला त्याच्या भाषेत दोनचार प्रश्न विचारणार. उत्तरं आली तर परवाना.

धाकट्या दिरानं, कमलाकांतनं, त्यासाठी जुन्या बाजारातून पुस्तक आणलं होतं. स्पॅनिश शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ, तो कुठे वापरायचा. इंग्रजीचं मराठी कमलाकांत करायचा. बकुळेपर्यंत पोचेतो शब्दाला पार घाम फुटलेला असायचा.

"कासा?"

"घर."

"पोर फावोर कुठे लावायचं?"

"काही मागताना. मेहेरबानी करून."

"शाब्बास वहिनी! आता मोठं वाक्य. तिथं तुमची कोण वाट बघतंय, असं साहेब विचारील. तुम्ही म्हणायचं, मी मारिदो मे एस्पेरा. माझा नवरा माझी वाट बघतो. एस्पेरा म्हणजे वाट बघतो. मग नाव सांगायचं."

बकुळा साली गोळा करत राहिली. खाली सभेला निघालेली माणसं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडत होती. काय हवं ते रस्त्यावर सगळे सांगत होते. खोलीत मात्र लसणाच्या सालींचा आवाज.

गेल्या महिन्यात शिवडीचा बुधाजी खलाशी तिकडून येऊन चहा पिऊन गेला होता. "रघुवीर बराय," एवढंच बोलला आणि बकुळेच्या हातची बशी त्यानं तिच्याकडे न बघता घेतली. अप्पा त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले ते "सूनबाईला पाठवून देऊ" म्हणतच. तेव्हापासून घरात सगळे तिच्याशी फार गोड बोलत होते. त्या गोडीचीच तिला धास्ती बसली होती.

"नावाला अडलीय ती," अप्पा म्हणाले. "अगं, परक्या भाषेत घेतलं तर दोष नाही."

"स्पॅनिशमध्ये उखाणा बसवू का, वहिनी?" कमलाकांत एकटाच हसला.

बकुळेनं पदर सावरला. "रघुवीर," ती म्हणाली. "रघुवीर गणपत सावंत."

सुंदराबाईंच्या हातातली पाकळी खाली पडली. या घरात सुनेच्या तोंडून ते नाव कधी निघालं नव्हतं.

"नाव येतं मला, अप्पा. आधीचं वाक्य येत नाही."

"का येत नाही? चार शब्द तर आहेत!" अप्पांचा आवाज चढला. "उद्या तिथं अशीच बसलीस तर परवाना गेला. तिकडे जायचंय ना तुला? म्हण!"

"भावजी, आधी तुम्ही म्हणा. खरं असेल तर मी मागून म्हणते."

कमलाकांतनं पान उलटलं. परत मागे उलटलं.

"कमळ्या, वाच!"

"तो काय वाचणार?" सुंदराबाईंनी सूप बाजूला सारलं. "अहो, बुधाजी जिन्यात सांगत होता तेव्हा मी दाराआड होते. रघूनं तिथं दुसरी बायको केलीय. हिची तिथं कोण वाट बघत नाही."