मी, मालनबाईंचं मृत्युपत्र

मित्रांनो, मी काही फार जुना नाही. जेमतेम नऊ वर्षांचा, दोन पानांचा कागद आहे. मी स्टँपपेपरवरसुद्धा नाही, कारण मला तो लागतच नाही. तरी माझं नाव ऐकलं की माणसं दचकतात. मी मृत्युपत्र आहे, वालूरच्या मालनबाईंचं.

माझा जन्म सेलूला झाला, प्रियांका वकीलबाईंच्या टेबलावर. मालनबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. घर आणि दोन एकर रान त्यांनी स्वतःच्या कष्टावर घेतलेलं, दोन्ही त्यांच्याच नावावर. नवरा कधीच वारला होता. थोरला मुलगा सिद्धोधन अपघातात गेला. त्याची बायको सुकेशनी. तिला लेकरू नव्हतं, पण सासूला आणि रानाला सोडून ती माहेरी गेली नाही. धाकटा नागेश परभणीला कारकून होता.

"काईच लिहून ठिवलं न्हाई तर काय व्हईल, बाई?" मालनबाईंनी विचारलं.

"तुमच्या माघारी घर, रान, सगळं नागेशचं. सुनेला काही मिळणार नाही."

"आन् तिनं वीस वर्सं मातीत घातली ती?"

"कायदा ते मोजत नाही, माय. तुम्हाला मोजायचं असेल तर लिहावं लागेल."

म्हणून मी लिहिला गेलो. घर नागेशला, रान सुकेशनीला. मालनबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं आणि एका जागी रानाचा गट नंबर चुकला होता तो त्यांनीच पकडला! सुकेशनीला मात्र बाहेर बसवलं होतं. ज्याला वाटा मिळतो त्यानं तिथं असू नये, साक्षीदारही होऊ नये, उद्या कुणी बोट दाखवायला नको. साक्षीला शाळेतले पंडित गुरुजी आणि गावातले डॉक्टर होते.

शाईचा पॅड पुढं आला तसा मालनबाईंनी हात मागं घेतला. "अंगठा न्हाई. माझं नाव मला लिहिता येतंय."

पाच अक्षरांना पाच मिनिटं लागली. मी तर श्वास रोखून होतो. मग रीतसर नोंदणीही केली. तशी सक्ती नव्हती, पण मालनबाई म्हणाल्या, "व्हऊ द्या पक्कं."

मित्रांनो, माणूस हयात असेपर्यंत मला काडीचा अधिकार नसतो. मालनबाई मला केव्हाही बदलू शकत होत्या. बहुतेक मृत्युपत्रं लपवून ठेवतात. मालनबाईंनी मात्र दोघांना समोर बसवलं आणि गुरुजींकडून मला मोठ्यानं वाचून घेतलं.

नागेशचा चेहरा उतरला. "माय, मी तुझ्या पोटचा हाय ना?"

"हाईस म्हून तर समोर बसीवलं. परक्याच्या माघारी करत्यात, बाबा. तुला शिकीवलं, नोकरी लागली. हिला काय हाय, सांग?"

तो तिथूनच उठून गेला. सहा महिने घरी आला नाही.

मालनबाई सहा वर्षांनी गेल्या आणि त्या दिवसापासून माझा शब्द लागू झाला. रानावर आपलं नाव चढवायला, म्हणजे फेरफारासाठी, सुकेशनीनं मला तलाठ्याकडे दिलं. कुणाची हरकत आहे का, अशी नोटीस निघाली. नागेशचे नागनाथमामा त्याच्या कानाशी लागले होते, "म्हन की, म्हातारीला कळत न्हवतं. कागद उडतोय बघ."

चौकशीच्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांनी मला टेबलावर उलगडलं. सुकेशनी पदर मुठीत आवळून उभी. नागेश आला, त्यानं मला उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"तुमची हरकत?"

"न्हाई, साहेब. मायनं माझ्यासमोर वाचून घेतलंय. तवा लय राग आला होता. पन तिला कळत न्हवतं असं कोन म्हनंल? तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं." मग तो सुकेशनीकडे वळला. "वैनी, पेरणीला बैलं मी आणून देतो."

ती रडली. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं.

मित्रांनो, आम्हाला अशुभ समजून टाळू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना धीर करून मृत्युपत्राचं विचारा आणि जे लिहिलं जाईल ते आपल्या माणसांना जिवंतपणी वाचून दाखवा. नागेशला मी मायच्या माघारी कपाटात सापडलो असतो, तर तो कोर्टात गेला असता. शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईनं हे ओळखलं होतं. एवढं मोठं मन माझ्या दोन पानांत कसं मावलं, याचं मला अजून नवल वाटतं.