हातावरची तुळस

मला चीड कशाची येते सांगू? पट्टीची. जखम न्हाय, खरचटलं न्हाय, तरी रोज ड्यूटीवर आलं की हातावर पट्टी बांधायची. का? तर मनगटाच्या वर माझ्या तुळस गोंदलेली हाय, अन् ती आमच्या मालकांच्या पोराला बघवत न्हाय!

मी प्रतीक्षा. मुरुमच्या एका खासगी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत नर्स. मोठ्या डॉक्टरांनी कारभार पोराच्या, रणधीर सरांच्या हाती दिला, अन् त्यांनी आल्या आल्या नियम काढला: नर्सच्या अंगावर गोंदलेलं दिसता कामा नये. लेझरनं काढून या, न्हायतर चादरींच्या गोदामात बसा. तोवर पट्टी.

आता गंमत बघा. सरांच्या स्वतःच्या दंडापासून कोपरापर्यंत सिंह. अर्ध्या बाहीतून जबडा बाहेर! मी तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "माझा टॅटू आहे. तुमचं ते गावंढळ दिसतं. पेशंटला काय वाटेल?"

पेशंट! सास्तूरकडच्या म्हाताऱ्या येतात, त्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदण. त्यांना काय वाटेल म्हणं!

ही तुळस आईनं जत्रेत गोंदून घेतली, मला मांडीत घट्ट धरून. तिच्या हातावर होती अगदी तशीच. आई गेली तेव्हा बायांनी तिच्या बांगड्या काढल्या, जोडवी काढली. तुळस तेवढी तिच्यासंगं गेली. तिची जोडीची माझ्यापाशी राहिली. अन् ती मी मशिनीनं जाळू? जीव गेला तरी न्हाय.

पट्टी बांधायच्या आमच्या हेड, शरणम्मा सिस्टर. खरा राग मला त्यांचाच यायचा. उभा जन्म ह्या दवाखान्यात काढलेली बाई, अन् कालच्या पोरापुढं "व्हय सर, व्हय सर". भर उन्हाळ्यातबी अंगात पांढरा स्वेटर, बाह्या मनगटापर्यंत. मी मनात म्हणायचे, हिच्या अंगात रक्तच न्हाय, म्हणून थंडी वाजते.

काल गजराबाई म्हणून एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेला कळा सुटलेल्या. माझी पट्टी बघून म्हातारी दारातच आडवी आली. "हिच्या हाताला काय चिघळलंय? माझ्या सुनंला शिवायचं न्हाय!" इकडं सून किंचाळतीय, माझा पदर धरल्यासारखा हात धरून बसलीय. माझं डोकंच फिरलं. पट्टी टराटरा ओढली अन् बादलीत फेकली.

"अगं बया, गोंदण हाय व्हय!" म्हणत गजराबाई बाजूला सरली. मी कोपरापर्यंत हात धुतले अन् कामाला लागले. मुलगी झाली, खणखणीत रडली.

बाहेर येते तर रणधीर सर उभे. "पट्टी कुठं आहे? सिस्टर, हिला आत्ताच्या आत्ता गोदामात पाठवा."

शरणम्मा पुढं झाल्या. मला वाटलं, आलंच आता "व्हय सर". तर त्यांनी स्वेटरची बाही वर ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आकसलेली, भाजलेली.

"इथं माझ्या आईचं नाव होतं, सर. कामावर घेताना तुमच्या वडिलांनी घालवून यायला सांगितलं. तवा मशिनी कुठं होत्या? अ‍ॅसिडनं घालवलं." त्यांनी हात सरांच्या डोळ्यांपुढं धरला. "हे चांगलं दिसतं का? सांगा की."

सरांनी मान फिरवली. "झाका ते," म्हणाले.

"न्हाय झाकत," शरणम्मा म्हणाल्या, अन् माझा हात धरून मला परत बाळंतिणीपाशी घेऊन गेल्या.