बसच्या नाकावर दोन सायकली

घड्याळजीने स्वतःची सायकल थांब्याच्या खांबाला टेकवली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि ड्रायव्हरच्या बायकोची सायकल दोन्ही हातांनी उचलून बसच्या नाकावरच्या लोखंडी चौकटीत ठेवली. पुढच्या चाकावर आकडा ओढला, नीट बसला की नाही हे हलवून पाहिलं आणि मग शेजारच्या खाचेत आपली सायकल चढवली. काचेमागे ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसला होता आणि मनातल्या मनात जळून खाक होत होता.

बघायचं नाही म्हटलं तरी सोय नव्हती. समोर काच, काचेपुढे चौकट आणि चौकटीत त्या दोन सायकली. टेकडीवरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत तिचं हँडल आणि त्याचं हँडल एकमेकांना घासत जाणार, आणि त्यांच्यावरूनच रस्ता बघत ड्रायव्हरने गाडी हाकायची.

बायको पायऱ्या चढून आत आली आणि तिने पास समोर धरला. त्याने मान हलवली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि पाठोपाठ घड्याळजीही.

ड्रायव्हर आणि ती नवरा-बायको आहेत हे बसमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो सगळा पराक्रम ड्रायव्हरचाच होता. मागे एकदा तिला उशीर झाला म्हणून त्याने बस जरा जास्तच थांबवली. कुणीतरी तक्रार केली, डेपोत साहेबांनी चांगलंच झाडलं. घरी येऊन त्याने फर्मान काढलं, "ड्युटीवर मी ड्रायव्हर आणि तू प्रवासी. ओळख दाखवायची नाही." तिला त्याची भारी गंमत वाटली. अशा कोऱ्या चेहऱ्याने पास दाखवायची की त्यालाच हसू आवरत नसे. रात्री जेवताना ती म्हणायची, "आमच्या बसचा ड्रायव्हर फार शिष्ट आहे हो." पुढे गंमत संपली आणि नियम तेवढा उरला.

दुसरा नियम बस कंपनीचा होता. सायकल ज्याची त्याने चढवायची, ड्रायव्हरने जागा सोडायची नाही. बायको टेकडीवरच्या इस्पितळात, धुलाईघरात कामाला होती. सकाळी चढाला बस, संध्याकाळी उताराला सायकल. इतकी वर्षं तिने सायकल स्वतः उचलली आणि त्याने ती काचेतून पाहिली. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. मग इस्पितळाजवळ या घड्याळजीने दुकान थाटलं आणि सगळं बिनसलं.

माणूस दिसायला काही खास नव्हता. किडकिडीत, अर्धं टक्कल पडलेला. पण नखं स्वच्छ, शर्टाला इस्त्री आणि बोलणं असं की समोरच्याला काही घाई नाही असं वाटावं. ड्रायव्हरला त्याच्या नखांचासुद्धा राग यायचा.

एकदा घड्याळजी आकडा लावत असताना ड्रायव्हरने काच धुण्याचं बटण दाबलं. पिचकारी नेमकी चष्म्यावर उडाली. घड्याळजीने रुमालाने चष्मा पुसला आणि आत बघून हसून हात केला. काच साफ करताना असं व्हायचंच, म्हणाला. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग ड्रायव्हरने डेपोतल्या मेकॅनिकला गाठलं.

"पुढची चौकट सैल झालीय. काढूनच टाक."

मेकॅनिक चौकटीला लोंबकळला, दोन्ही पाय वर घेऊन झोके घेतले. "ही सैल? बस मोडेल, पण ही नाही मोडायची. काढली तर लोकांनी सायकली कुठे ठेवायच्या, तुमच्या डोक्यावर?"

चौकट निघाली असती तर बायकोला रोज तो चढ सायकल ढकलत चढावा लागला असता. हे ड्रायव्हरच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर, आणि आलं तसं त्याने ते झटकूनही टाकलं.

त्या रात्री त्याने विषय काढलाच.

"आज बसला गर्दी होती."

"तुम्हीच चालवत होता ना?" बायको म्हणाली.

"तो चष्मेवाला फार बोलतो."

"घड्याळजी होय? बोलतात खरे." ती ताटं उचलत होती, डाव्या हाताने, एकेक करून. "पण ऐकूनही घेतात."

एवढं बोलून ती आत गेली. झोपताना ती भिंतीकडे तोंड करून वळली. हल्ली रोज अशीच वळायची, आणि रोज तिच्या पाठीकडे बघत तो उरलेला सगळा अर्थ स्वतःच लावून घ्यायचा. पाठ फिरवली म्हणजे फिरवलीच, त्यात शंका कसली?

दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशी सिग्नल लागला. इंजिन मंदावलं आणि मागच्या बाकावरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"डॉक्टर काय म्हणाल्या मग?" घड्याळजी विचारत होता.

"वजन उचलायचं नाही म्हणाल्या. ओल्या चादरींनी वाट लागलीय म्हणे खांद्याची. उजव्या कुशीवर झोपता येत नाही हो. भिंतीकडे तोंड करून पडून राहते."

ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर होते ते तिथेच राहिले.

"घरी सांगितलंत का?"

"सांगितलं की. दोनदा."

"मग?"

बायको हसली. लहान मुलाचं कौतुक सांगावं तशी हसली, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. "हं म्हणाले," ती म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला होता. मागून हॉर्नवर हॉर्न वाजू लागले तेव्हा कुठे बस हलली. ती दोनदा कधी बोलली होती, हे तो शेवटच्या थांब्यापर्यंत आठवत राहिला. एकदाचंही आठवलं नाही. घड्याळजीचा राग करायला त्याने जोर लावून पाहिला, तर तोही जमेना. मत्सर मात्र होता तिथेच होता, उलट जास्तच. त्या परक्या माणसाला जे ठाऊक होतं ते ड्रायव्हरच्याच घरात, त्याच्याच अंथरुणात होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या सकाळी थांबा आला. घड्याळजीने सायकल खांबाला टेकवली, चष्मा नीट केला आणि बायकोच्या सायकलला हात घातला. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि तो खाली उतरला.

"काय झालं? पंक्चर का?" आत कुणीतरी विचारलं.

ड्रायव्हरने घड्याळजीच्या हातातून सायकल काढून घेतली.

"अहो, तुम्ही कशाला उतरलात?" घड्याळजी गोंधळला. "मी चढवतो की. बाईंचा खांदा दुखतो, त्यांना उचलायला..."

"माहीत आहे मला."

तो जरा जोरातच बोलला होता. ड्रायव्हरने सायकल खाचेत बसवली आणि आकडा ओढला. आकडा हलेना. त्याने तो वर खेचला, बाजूला दाबला, पुन्हा वर खेचला. कानामागून घाम निघाला. आतून कुणीतरी काचेवर टकटक केली.

बायको शेजारी उभी होती. पास दाखवतानाचा तो कोरा चेहरा आज तिच्याकडे नव्हता.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

मदतीला निघालेला घड्याळजीचा हात मध्येच थांबला. अशा आवाजात कुणी बसच्या ड्रायव्हरला प्रश्न विचारत नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि मग तो आपली सायकल घेऊन दोन पावलं मागे सरकला.

"कालपासून," ड्रायव्हर म्हणाला.

"निघायचंय का आज?" आतून कुणीतरी ओरडलं. तिने डावा हात पुढे केला, त्याच्या हातावर ठेवला आणि त्याच्या हातासकट आकडा बाहेरच्या बाजूला ओढला. मग वर. तो चाकावर सहज बसला.

"आधी बाहेर, मग वर," ती म्हणाली. "रोज तुमच्या डोळ्यांसमोर तर असतं."