बुटात घातलेला हात

ज्याचा पाय कापावा लागतो, त्याचे नातेवाईक सर्जनपुढे हात जोडून उभे राहतात. ज्याचा पाय शाबूत राहतो, तो रस्त्यात नर्सला ओळखही दाखवत नाही. का दाखवेल? त्याला काही झालंच नाही ना! मला याचा राग येतो, चांगला सणसणीत येतो, आणि तो गिळून गोड हसायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. शुगर असलेल्या लोकांचे पाय तपासणं हे माझं काम. हॉलच्या कोपऱ्यात माझं बुटकं स्टूल आहे, एक टॉर्च आहे आणि एक छोटा आरसा. तो जमिनीवर ठेवला की ज्याला वाकता येत नाही त्यालाही आपला तळवा दिसतो. येईल त्याच्याकडून मी एकच गोष्ट घोकून घेते. बूट घालण्याआधी त्यात हात घाला, सगळीकडून चाचपा. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव जाते. आत खडा असो नाहीतर खिळा, पायाला पत्ता लागत नाही. हाताला लागतो. लोक हसतात. हसा बापडे, पण हात घाला.

आमचे भाऊजी सगळ्यांत जास्त हसायचे. ते ताईचे यजमान, शाळेची बस चालवतात. बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत. माझं नाव त्यांनी ‘तळवेबाई’ ठेवलं होतं. त्यांना शुगर होऊन बरीच वर्षं झाली होती. मी पाय दाखवा म्हटलं की म्हणायचे, “आमच्या भागातल्या केंद्रात दाखवून आलो कालच. मेहुणीपुढे पाय पसरायचे म्हणजे काय, मला लाज आहे की नाही?” सगळे हसायचे. मीही म्हणायचे, जाऊ दे, तिथे कुणीतरी बघतंय.

एका रविवारी मी ताईकडे जेवायला गेले होते. वाढता वाढता ताई सहज म्हणाली, “अगं, तुला काही माहीत आहे का? यांच्या उजव्या मोज्याला डाग पडतो, कितीही घासला तरी निघत नाही. साबण बदलून पाहिला.”

माझा घास हातातच राहिला.

“कसला डाग?”

“पिवळट. कधी तांबूस.”

“भाऊजी, मोजा काढा.”

“झालं सुरू!” ते हसत म्हणाले. “अगं, जेवताना तरी दुकान बंद ठेव.”

“काढा म्हणते ना.”

“दुखत असतं तर काढला असता. काही दुखत नाही, खुपत नाही. ठणठणीत आहे.”

“दुखत नाही हीच तर भीती आहे! तुमच्या केंद्रातल्या नर्सनं शेवटचं कधी पाहिलं?”

पुन्हा तेच हसू. “तिला कशाला त्रास? तिला मी सांगून टाकलंय, घरातच नर्स आहे, तीच बघते माझे पाय.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मला सांगायचं की तिथे दाखवलं, तिथे सांगायचं की मी बघते. माझं नाव पुढे करून या माणसानं दोघींनाही चुकवलं होतं. घरात नर्स होती म्हणूनच त्याचे पाय कुणी पाहिले नव्हते. आणि वर विनोद!

“लाज नाही वाटत?” मी ओरडलेच.

“अगं, जेवू दे त्यांना,” ताई म्हणाली. “प्रत्येक वेळी काय तुझं तेच. आठवड्यातून एक दिवस घरी बसतात.”

मी उठले. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, लहान पोरासारखे. मग मी दाराशी गेले आणि त्यांचा उजवा बूट उचलला. आत हात घातला. टाचेकडून बोटांकडे चाचपत गेले आणि कचकन काहीतरी टोचलं. हात बाहेर काढला तर बोटाला रक्त. तळ झिजून एक खिळा वर आला होता.

ते बोट मी तसंच टेबलावर भाऊजींच्या ताटासमोर धरलं.

“हा खिळा माझ्या बोटाला लगेच कळला. तुमच्या पायाला किती दिवस कळला नाही?”

भाऊजींनी मोजा काढला. अंगठ्याखाली जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, मधे खोल. खोलीत वास पसरला. ताईनं तोंडावर पदर धरला.

मी बोट साबणानं धुतलं, त्याला पट्टी लावली आणि त्यांच्या जखमेवर स्वच्छ कापड बांधलं. “आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचं,” मी म्हणाले. “आणि उद्या बस चालवायची नाही.”

इथे मात्र ते खवळले. “बसचा काय संबंध? अंगठ्याला लागलंय, पाय तुटला नाही माझा. ब्रेक मला बरोबर कळतो. सगळा अंदाज असतो पायाचा.”

“अंदाज!”

“ताईच्या घरात येऊन माझी नोकरी घालवणार आहेस का तू?”

ताईही म्हणाली, “पट्टी बांधलीस ना? मग बाकीचं घरातलं घरात राहू दे गं.”

घरातलं घरात. त्या बसमध्ये लोकांची पोरं बसतात, त्यांची घरं कुठे गेली? पण भांडून उपयोग नव्हता. मी पर्समधून माझी काडी काढली. तिच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा असतो. तो कातडीला टेकवायचा आणि कळलं का ते माणसानं सांगायचं. मी खाली बसले, डावा मोजाही काढून त्यांचे दोन्ही पाय समोर घेतले.

“डोळे मिटा. मी टेकवलं की ‘आता’ म्हणा. सगळं बरोबर सांगितलंत तर मी गप्प बसते.”

त्यांनी डोळे मिटले. मी काडी डाव्या तळव्याला टेकवली. गप्प. उजव्या टाचेला. गप्प. बोटांना, जखमेपासून दूर. गप्प. मी काडी मांडीवर ठेवली आणि नुसती बसून राहिले.

“आता,” भाऊजी म्हणाले.

मी हलले नाही.

“आता. हं, आता. परत आता.” त्यांचा आवाज चढत गेला, परीक्षेत पास होणाऱ्यासारखा. त्यांनी डोळे उघडले. “बघ! सगळं सांगितलं की नाही?”

मी उत्तर द्यायच्या आत ताई बोलली.

“तिचे दोन्ही हात मांडीवर होते.”

“काय?”

“तुम्ही ‘आता’ म्हणालात तेव्हा तिनं हात लावलाच नव्हता. मी बघत होते.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, जणू ते दुसऱ्याचेच होते. ताई उठली. भिंतीवरच्या खुंटीवरून बसची किल्ली काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. त्यांनी तिला अडवलं नाही.

“अंगठा राहील ना गं?” त्यांनी मला विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

“माहीत नाही,” मी म्हणाले. गेल्या वर्षी विचारलं असतं तर ‘राहील’ म्हणाले असते. या माणसाला दोन ठेवून द्याव्यात आणि मग हमसून रडावं, असं वाटत होतं.

हॉस्पिटलला निघताना ते सवयीनं त्याच बुटाकडे वळले. ताईनं तो पायानं बाजूला सारला आणि आतून त्यांच्या मोकळ्या सपाता घेऊन आली. खाली वाकली. त्यांच्या पुढ्यात ठेवण्याआधी तिनं पहिल्या सपातेत हात घातला, टोकापर्यंत नेला आणि सावकाश चाचपत मागे आणला. मग दुसरीत.