हंसाच्या गळ्यातला दोरा

या मित्रांनो, थोडे जवळ सरका. फाटकापाशी जमीन कोरडी आहे, तिथेच टेका. एका दोऱ्याची गोष्ट सांगतो, आणि माझ्या मनातलं पापही लपवत नाही.

मी एक जुना हंस आहे, ट्रॅक्टरच्या टायरचा. बल्गेरियातल्या आमच्या गावात पेन्को ट्रॅक्टर चालवायचा. टायर झिजला तेव्हा त्याने तो टाकला नाही. सुरीने कापून पंख उलगडले, तार घालून मान वळवली, पांढरा रंग दिला, चोच लाल केली आणि बायकोला, त्सोनाला, म्हणाला, "घे, राजाच्या तळ्यातून पळवून आणलाय!"

"मान तर तुझ्यासारखीच वाकडी आहे!" ती म्हणाली. पण माझ्या पोटात माती भरून तिने फुलं लावली. बावीस वर्षं या बागेचा मानकरी मी एकटा. मग पेन्को देवाघरी गेला आणि मला रंग देणारं कोणी उरलं नाही.

यंदा हिवाळा सरताना सून दारिना शहरातून आली. दहा दुकानं पालथी घालून तिने प्लास्टरचा करकोचा निवडून आणला होता. चकचकीत, एका पायावर उभा. "आई, बाग कशी उठून दिसते बघा! हा टायर रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

त्सोनाआजी नुसतं "बघू" म्हणाली.

रबराला कीड लागत नाही म्हणतात. मला लागली, मत्सराची. पाऊस पडावा आणि त्याचा रंग ओघळावा, शेजारच्या कुत्र्याने त्याच्याच पायाशी तंगडी वर करावी, असल्या प्रार्थना मी केल्या. देवाने त्या ऐकल्या नाहीत, बरं झालं.

आमच्याकडे एक मार्चला मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात. वसंतात परतलेला पहिला करकोचा दिसला की तो दोरा सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा, म्हणजे वर्षभर प्रकृती चांगली राहते. पाचव्याच दिवशी आजी खिडकीतून ओरडली, "करकोचा आला गं, दारिना!" डोळ्यांत मोतीबिंदू, आणि प्लास्टरचा करकोचा तिच्या ध्यानातच नव्हता. दोरा सोडून ती लगबगीने बाहेर आली.

कुंपणापलीकडून शेजारीण राइका खदखदून हसली. "अगं त्सोने, तो तुझ्या सुनेने विकत आणलाय! आणि उभा करकोचा दिसला की वर्ष आळसात जातं. बैस आता पाय पसरून, सुनेला लाव कामाला!"

दारिनाही हसली. मीसुद्धा आतल्या आत हसलो, त्या प्लास्टरच्या करकोच्याची फजिती झाली म्हणून. आजीचा हात मात्र तसाच राहिला. सोडलेला दोरा पुन्हा मनगटावर चढवत नाहीत, आणि झाडांना अजून कळीही नव्हती. चाचपडत ती पुढे आली. हात माझ्या मानेला लागला.

"हा वाक मला डोळे मिटूनही कळतो," ती हळूच म्हणाली. "खोट्या पाखरासाठी सोडला ना? मग माझ्या माणसाने घडवलेल्या खोट्या पाखरालाच बांधते."

तिने गाठ मारली. दारिनाचं हसू थांबलं. रविवारी भंगारवाला आला आणि रिकामाच गेला. संध्याकाळी दारिना पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन माझ्यापाशी बसली.

करकोचा अजून समोरच उभा आहे. तो आला नसता तर हा दोरा माझ्या गळ्यात पडलाच नसता. हे मला कळतं, पण वळत नाही. त्याच्या चकचकीत पायाकडे नजर जातेच. देवा, क्षमा कर.

मित्रांनो, बागेसाठी काही निवडायला निघालात, तर घरात कोणाच्या हातचं काही पडून आहे का, ते आधी बघा. त्याला रंगाचा एक हात द्या. आणि कुठे लाल-पांढरा दोरा दिसला, तर वाकड्या मानेच्या माझ्या पेन्कोची एकदा आठवण काढा.